वायरवाला कॉलर माइक: तालुका वार्ताहरासाठी कसा?

बाइट, म्हणजे कुणाची छोटी बोलती प्रतिक्रिया, घ्यायला वायरलेसपेक्षा हाच बरा, चार्जिंगची कटकट नाही. वायरीत छोटी डबी असते, तिच्यावरचं बटण स्मार्टफोनकडे असेल तर आतला एलआर४४ हा बटणाएवढा सेल लागतच नाही, तो कॅमेऱ्यासाठी. टाइप-सी फोनला कन्व्हर्टर घेताना दुकानातच रेकॉर्ड करून पाहा, स्वस्तातले बरेच फक्त गाणी ऐकवतात, माइकचा आवाज फोनमध्ये घेतच नाहीत!

क्लिप छातीवर, तोंडापासून वीतभर खाली. रावेरकडच्या केळीबागेत शेतकऱ्याच्या खांद्यावर उपरणं असलं की कापड घासून खरखर येते, ते आधी बाजूला सारायला सांगा. माइकवरची फोमची टोपी सगळ्यात आधी हरवते, आणि तिच्याविना वैशाखातला वारा अर्धी वाक्यं गिळतो. पालिकेच्या सभेत मात्र हा निरुपयोगी. तिथे फोन सरळ लाउडस्पीकरजवळ ठेवावा. वायर पिनपाशीच तुटते, गुंडाळताना तिथे मुडपू नका.