बारशाची खोली, तीन डिफ्यूझर आणि एक पुठ्ठा

मी बारशी, डोहाळजेवणं आणि घरच्या गणपतींचे फोटो काढते. काम बहुतेक गिरगाव-परळच्या चाळींत, नाहीतर डोंबिवलीच्या वन बीएचकेत. दहा बाय बाराची खोली, मधोमध पाळणा, पाळण्याभोवती पंधरा बायका, दारात आणखी पंधरा आणि माझी पाठ कपाटाला टेकलेली. मागे सरकायला जागाच नाही. अशा ठिकाणी फ्लॅशवर कोणता डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारं झाकण, लावावं, हे पदरचे पैसे घालवून शिकले.

पहिला घेतला तो पांढऱ्या प्लॅस्टिकचा डोम. श्रीखंडाचा डबा उपडा घातल्यासारखा दिसतो. बोरा बाजारातला दुकानदार म्हणाला, "मॅडम, याने लाइट एकदम सॉफ्ट होतो." होत नाही. सावलीची कड मऊ व्हायला उजेड मोठ्या जागेवरून यावा लागतो, आणि हा डबा फ्लॅशच्या तोंडापेक्षा जेमतेम मोठा. तो फक्त उजेड चहूकडे उधळतो. मऊपणा येतो तो भिंतींवरून आणि छतावरून परतून येणाऱ्या उजेडाचा. त्यामुळे पांढरी भिंत, पांढरं छत असलेल्या छोट्या खोलीत डोम सुरेख चालतो. परळला एका घरी भिंती पिस्ता रंगाच्या होत्या. तिथे लावला आणि सगळा गोतावळा कावीळ झाल्यासारखा दिसला. आणि गच्चीवरच्या हळदीला डोम लावून उभे राहणारे फोटोग्राफर पाहिले की मला त्यांच्या सेलची कीव येते. तिथे उजेड परतवायला आहे कोण, आभाळ?

सेलवरून आठवलं. डोम एक ते दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सुरुवातीला मी आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ४०० वरच अडून बसायचे, म्हणजे फ्लॅश जवळजवळ पूर्ण ताकदीने मारावा लागायचा. एका बारशाला "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चालू असताना फटाफट फोटो काढले आणि आत्या बाळाच्या कानात कुर्र करायला वाकली तेव्हा फ्लॅश चार्जच होत होता. तो फोटो काळा आला. आत्याला पुन्हा वाकायला लावलं, पण दुसऱ्यांदा ती कॅमेऱ्याकडे बघत हसत होती. आता मी सरळ १६०० ठेवते. तेवढ्याच उजेडाला पाव ताकद पुरते आणि फ्लॅश दमत नाही.

दुसरा, घडीचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरा पडदा असलेली कापडी पेटी, वीस बाय तीस सेंटिमीटरचा, वेल्क्रोने बांधायचा. हा खरोखर मऊ आहे. श्रावणात घामेजलेल्या चेहऱ्यांवर येणारी ती तेलकट चकाकी याने बरीच उतरते, नथीचा मोतीही मोत्यासारखा दिसतो. पण कॅमेऱ्यावर लावून गर्दीत शिरलात की पंचाईत. एक मीटरवरच्या काकूंना जेवढा उजेड मिळतो त्याच्या चौथा हिस्साच दोन मीटरवरच्या आजींना पोचतो. काकूंचा खांदा पांढराफटक, आजी अंधारात. शिवाय पाळण्याला बांधलेल्या झेंडूच्या माळेत तो अडकतो, हेही अनुभवून झालंय. मी तो आता फक्त शेवटी काढते, आई-बाळाच्या फोटोसाठी. फ्लॅश डाव्या हातात उंच धरायचा, तो दुरून उडवणारा ट्रिगर कॅमेऱ्यावर. तेवढ्यासाठी तो पिशवीत राहतो.

तिसरा, लोहचुंबकाने चिकटणारा सिलिकॉनचा डोम. प्लॅस्टिकच्या डोमच्या कितीतरी पट किंमत, उजेड तोच. जमेच्या दोन गोष्टी. एक, चुरगळून कुठेही कोंबता येतो. एका पोराच्या धक्क्याने तो निसटून हळदीकुंकवाच्या तबकात पडला, तरी धुऊन पुन्हा कामाला लागला. दुसरी, आत नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, सरकवायला खाच आहे. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, समईची ज्योत दोन हजाराच्याही खालची; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-नारिंगी. जेल न लावता औक्षणाचा फोटो काढला तर ज्योत सोनेरी येते आणि ओवाळणारीचा चेहरा दवाखान्यातल्यासारखा. अर्धा सीटीओ, म्हणजे त्याच नारिंगी जेलचा फिका प्रकार, लावला की दोघी एकाच घरातल्या वाटतात. फक्त तेवढ्यासाठी एवढे पैसे घालावेत का? औक्षणाचे फोटो रोज काढत असाल तर घाला.

आणि सगळ्यात जास्त वापरते ती वस्तू स्टेशनरीच्या दुकानातली: पांढऱ्या फोम शीटचा तळहाताएवढा तुकडा, दोन रबरबँड. फ्लॅशचं डोकं मागे वळवून भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यावर मारायचं. पाच-सहा फुटांची भिंतच दिवा होते, उजेड लांबून फिरून येतो म्हणून काकू आणि आजी यांच्यातला फरकही खूप कमी होतो. पुठ्ठा थोडासा उजेड पुढे ढकलतो, तेवढ्याने डोळ्यांत चमकीचा ठिपका येतो. "बाळाच्या तोंडावर तो उजेड मारू नकोस गं," म्हणणारी एक आजी प्रत्येक घरात असते. पुठ्ठा लावल्यापासून ती गप्प बसते.

चालत नाही तोही प्रकार सांगते. पाठीमागे भिंतीऐवजी चॉकलेटी कपाट असेल तर उजेड तिथेच गडप होतो. चाळीच्या लाकडी छताखाली तेच. आणि पंख्याखाली उभं राहून वर मारलात तर मध्येच पातं आडवं येतं, एक फोटो उजळ, पुढचा अर्धामुर्धा. तेव्हा निमूटपणे डोम चढवायचा, नाहीतर पांढरा कुर्ता घातलेल्या एखाद्या काकांना शेजारी उभं करायचं. हसू नका, चालतं.

म्हणून आता काम ठरवतानाच मी खोलीच्या छताचा फोटो मागवते. लोक चक्रावतात. मागच्या आठवड्यात एका बाईंनी छतावरच्या ओलीचे चार फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, सोसायटीला तीनदा अर्ज दिलाय."