५१२ जीबीचा पेनड्राइव्ह, आत जेमतेम ४ जीबी : विंडोज टाकताना एरर येत असेल तर आधी हे वाचा

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना मधेच एरर येतेय आणि तो पेनड्राइव्ह ऑनलाइन स्वस्तात घेतलेला आहे, असं असेल तर बाकी काहीही करायच्या आधी पेनड्राइव्ह तपासा. आमच्या ताईचे यात पैसे गेले, ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत काम अडकलं, आणि डेटा जाता जाता वाचला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ताई घरून लोकांचे अकाउंट्स बघते, टॅली आणि जीएसटी. ऑक्टोबर २०२५ मधे विंडोज १० चा सपोर्ट संपला, तिचा लॅपटॉप आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह म्हणजे ११ ला चालणारा, तर जुनी हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी बसवायची आणि त्यावर फ्रेश ११ टाकायचं असं आमचं ठरलं. त्यासाठी तिने एका शॉपिंग साइटवरून ५१२ जीबीच्या दोन पेनड्राइव्हचा पॅक मागवला, ६९९ रुपयांना, रेटिंग चांगलं, खाली ढीगभर ‘नाइस प्रॉडक्ट’ वाले रिव्ह्यू. एकावर बॅकअप घ्यायचा, दुसऱ्यावर विंडोज.

दुसरा पेनड्राइव्ह रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने बूटेबल केला, म्हणजे त्यावरून लॅपटॉप सुरू होऊन विंडोज टाकता येईल असा, शेवटी हिरव्या पट्टीवर रेडी आलं, कुठेही एरर नाही. पण लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या बूट मेनूमधे तो कधी दिसायचा कधी नाही. सिक्युअर बूट बंद केलं, परत चालू केलं, फास्ट बूट काढलं, पोर्ट बदलले, आणि एकदाचा बूट झाला तर फाइल्स कॉपी होता होता ‘विंडोज कॅनॉट इन्स्टॉल रिक्वायर्ड फाइल्स’ आणि शेवटी ८००७०५७० असलेला तो कोड. या कोडसाठी नेटवर जे सापडतं ते म्हणजे रॅम खराब, डिस्क खराब नाहीतर आयएसओ, म्हणजे डाउनलोड केलेली विंडोजची फाइल, खराब. आयएसओचा हॅश, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते ओळखायचा कोड, विंडोजमधल्याच सर्टयूटिल कमांडने काढून मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पेजवरच्या हॅशशी ताडून बघितला, तो तर बरोबर जुळला.

मग लॅपटॉप एका रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन, की एसएसडी गेलीये आणि मदरबोर्डलापण प्रॉब्लेम आहे, साडेचार हजार होतील. मी विचारलं दादा तुमच्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकून बघितलं का, तर म्हणे त्याची गरजच नाही, आम्हाला कळतं. मला याचाच सगळ्यात जास्त राग आला, कारण दुकानात बूटेबल पेनड्राइव्ह पडलेले असतात, एक लावून बघायला कितीसा वेळ लागतो. ताईने लॅपटॉप तसाच परत आणायला लावला, चेकिंग चार्ज म्हणून ३०० रुपये घेतलेच त्याने.

खरा प्रकार कळला तो बॅकअपमुळे. ताईला एका क्लायंटचं जुनं बिल हवं होतं म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह लावला तर फोल्डर सगळे दिसतायत, फाइलची नावं, साइझ, तारखा सगळं जागेवर, पण पीडीएफ उघडत नाही, फोटो अर्धे राखाडी. कॉपी केल्या केल्या मात्र तिने दोन-तीन फाइल उघडून बघितल्या होत्या आणि त्या व्यवस्थित उघडल्या होत्या. ते असं होतं की नुकतीच कॉपी केलेली फाइल बऱ्याचदा विंडोज स्वतःच्या मेमरीतूनच दाखवतं, त्यामुळे पेनड्राइव्ह काढून परत लावल्याशिवाय खरं खोटं कळतच नाही.

मी व्हॅलिड्राइव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. ते पेनड्राइव्हवर ५७६ ठिकाणी थोडं थोडं लिहून परत वाचून बघतं, काही मिनिटांचं काम आहे. सुरुवातीचे थोडेसे चौकोन हिरवे आणि नंतर शेवटपर्यंत लाल. दोन्ही पेनड्राइव्हचं सेम. आत जेमतेम ४ जीबी जागा.

हे करतात कसं तर पेनड्राइव्हमधे मेमरी चिपसोबत एक कंट्रोलर असतो, त्याच्या फर्मवेअरमधेच, म्हणजे आतल्या प्रोग्रॅममधेच, खोटा आकडा भरतात. कॉम्प्युटर साइझ विचारतो, तो ५१२ सांगतो आणि विंडोज विश्वास ठेवतं. खरी जागा संपली की असे पेनड्राइव्ह पुढचा डेटा सरळ टाकून देतात नाहीतर आधीच्यावरच लिहितात, आणि एरर देत नाहीत. फाइलच्या नावांची यादी साधारण सुरुवातीच्या भागात असते म्हणून नावं शाबूत राहतात.

आता आमच्या एररचा उलगडा झाला. विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल बहुतेक वेळा ४ जीबीच्या वर असते, ती फॅट३२ या जुन्या फॉर्मॅटमधे मावत नाही, म्हणून रुफस एनटीएफएस हा दुसरा फॉर्मॅट वापरतं आणि यूईएफआयमधे (लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) बूट व्हावं म्हणून पेनड्राइव्हच्या अगदी टोकाला एक छोटंसं पार्टिशन बनवतं. इथे ते टोकच अस्तित्वात नव्हतं! म्हणून बूट मेनूतला तो लपंडाव, आणि मोठी फाइल अर्धी हवेत म्हणून कॉपीच्या मधे एरर. शेजारच्या मुलाकडून कॉलेजचा साधा १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, त्याच एसएसडीवर, त्याच ‘खराब’ मदरबोर्डवर विंडोज ११ पहिल्या फटक्यात बसलं.

जुनी हार्ड डिस्क फॉर्मॅट करून माझ्या पीसीला लावायचा विचार होता, पण नवीन एसएसडीवर लॅपटॉप चालू होईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं ताईने बजावलं होतं. तिच्यामुळे सगळा डेटा वाचला, नाहीतर लोकांच्या हिशोबांचं काय उत्तर दिलं असतं.

नवीन पेनड्राइव्ह घेतलात तर रिकामा असतानाच टेस्ट करा. रुफसमधे बॅड ब्लॉक, म्हणजे खराब जागा, चेक करायचा ऑप्शन आहे, त्यातही असा बनावट पेनड्राइव्ह पकडला जातो. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतं, पक्कं आहे पण मोठ्या साइझला रात्रभर चालू ठेवावं लागतं. लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे, त्यातला एफ३प्रोब झटपट सांगतो. आणि विंडोजमधे ५१२ ऐवजी ४७६ दिसतात म्हणून घाबरू नका, ते मोजायच्या पद्धतीमुळे, खऱ्यातही तेवढेच दिसतात.

सेलर म्हणाला फॉर्मॅट करून बघा, मग म्हणाला रिटर्नची मुदत संपली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते, एका महिन्यात निकाली काढायची असते, तर त्याला मेल केला, सोबत लाल चौकोनांचे स्क्रीनशॉट आणि बिल, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण तक्रार नोंदवली. त्यानंतर ६९९ परत आले. रिपेअरवाल्याचे ३०० गेले ते गेले. ती लिस्टिंग मात्र अजून चालू आहे, रंग आणि नाव बदललंय आणि आता त्यावर १ टीबी लिहिलंय. कोणी मागवला असेल तर रिटर्नची तारीख बघून घ्या आणि आजच टेस्ट लावा.