एमपीथ्री गेन: काही महिने वापरल्यावर

जुन्या रेकॉर्डिंगसाठी आवाज वाढवायचा आणि पुढचं नवं गाणं लागताच कानठळ्या बसायच्या, या कटकटीपायी एमपीथ्री गेन हे गाण्यांच्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणणारं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पण आता माझा सगळा एमपीथ्री संग्रह त्यातूनच जातो.

मला सगळ्यात पटलं ते हे की फाइल पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे ध्वनी उलगडून नव्याने दाबला जात नाही. एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यात, 'ग्लोबल गेन' नावाचा आकडा असतो, तेवढाच बदलतो. त्यामुळे दर्जा घसरत नाही. किती बदल केला याची नोंद टॅगमध्ये (फाइलीतच ठेवलेल्या माहितीत) राहते, म्हणून 'अनडू'ही करता येतं. (टॅग साफ करणारं दुसरं काही वापरत असाल तर सांभाळा, ती नोंदही जाईल.) एक पायरी दीड डेसिबलची, मधलं काही मिळत नाही. माझ्या कानाला त्याने फरक पडलेला नाही.

मोजणी २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेल्या रिप्लेगेन पद्धतीवर आधारलेली आहे. म्हणजे एखाद्या क्षणाचा सर्वोच्च आवाज न बघता एकूण गाणं कानाला किती मोठं वाटेल याचा अंदाज घेतात. नुसतं पीक बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका कडक टाळीपायी अख्खं रेकॉर्डिंग हळू राहतं.

ठरलेली पातळी ८९ डेसिबल. सुरुवातीला सगळं मिळमिळीत वाटेल, तरी ती वाढवू नका. वर नेलीत की क्लिपिंगच्या, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याच्या, सूचना दिसू लागतात. त्यापेक्षा ॲम्प्लिफायर चढवा.

'ट्रॅक' की 'अल्बम' हे मात्र विचार करून ठरवा. सरमिसळ गाण्यांना ट्रॅक ठीक. सलग मैफल तुकड्यांत कापलेली असेल तर ट्रॅक लावल्यावर प्रत्येक सांध्यावर आवाज उडी मारतो, आणि मुद्दाम हळू ठेवलेला आलापही तानांइतका मोठा होऊन बसतो. तिथे अल्बमच हवा, कारण तो सगळ्या फाइलींना सारखाच फरक लावतो.

एकाच फाइलमधली चढउतार याने मिटत नाही. मुलाखतीत एक जण माइकपासून लांब बसला असेल तर कंप्रेसरकडेच (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणाऱ्या साधनाकडे) जावं लागतं.

फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या) फाइलींसाठी मी फूबार २००० या प्लेअरमधून रिप्लेगेनचे टॅग लिहितो. त्यात मूळ ध्वनीला हातच लागत नाही, पण ते टॅग वाचणारा प्लेअर लागतो. माझ्या गाडीतला स्टिरिओ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून गाडीच्या पेनड्राइव्हवर एमपीथ्रीच, आणि त्याही एमपीथ्री गेनमधूनच काढलेल्या.