वखराची पास: जुन्या कमानपट्ट्याची की साध्या पट्टीची?

यवतमाळकडच्या एका भाच्याने विचारलं, "मामा, लोहाराकडून कोणती पास करून घेऊ?"

पास म्हणजे वखराचं माती कापणारं आडवं पातं. कमानपट्टा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, अन् साधी पट्टी म्हणजे बाजारातली नेहमीची लोखंडी पट्टी.

झिजेचं आधी. साध्या पट्टीत कार्बन साधारण 0.2 टक्के, म्हणून ती मऊ. मुरमाड वावरात धार लवकर बोथट होते. कमानपट्ट्यात 0.5 ते 0.6 टक्के. लाल तापवून तेलात विझवला की आतली रचना कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. म्हणून परत मंद तापवावंच लागतं. घाईचा लोहार नेमकं हेच टाळतो, अन् पास पहिल्याच दगडावर तुटते. पाण्यात विझवली तर तडकायचीही भीती.

धातूचा थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून कमजोर होणं, वेगळाच. कमान ट्रकखाली लाखो वेळा वाकलेली असते. बारीक तडे दिसत नाहीत, पण तिथूनच तुटते. भट्टीत फार वेळ ठेवली तर वरच्या थरातला कार्बन जळतो, तेही वाईटच. घासून, रॉकेल लावून तडा बघूनच तुकडा घ्या.

वेल्डिंगला साधी पट्टी सोपी. कमान जोडाशेजारी ठिसूळ होते. साधी वाकते, ठोकून सरळ होते.

मुरमाड वावर अन् जाणता लोहार असेल तर कमान. काळी भुसभुशीत माती, घरीच डागडुजी करायची असेल तर साधी पट्टी.