रूटिंग पावडर: झुडपी मिरीसाठी घ्या, मनीप्लांटसाठी नको

फांदीला मुळं फुटावीत म्हणून लावायची पांढरी पावडर आता आमच्या वेंगुर्ल्यात कृषी सेवा केंद्रातही मिळते. समोर मांडलेली नसते. कीटकनाशकांच्या कपाटात मागे कुठेतरी छोटी डबी असते, आणि मागितली की दुकानदार आधी विचारतो, "वयनी, पावडर कशाक होयी?" हा प्रश्न फार योग्य आहे. ती कशाला हवी यावरच पैसे वसूल होणार की वाया जाणार हे ठरतं. मी निरनिराळ्या कंपन्यांच्या डब्या वापरल्या आहेत. आतला घटक सगळ्यांत तोच असल्याने इथे एकाच कंपनीचं नाव घेत नाही, वापरल्यावर काय दिसलं ते सांगते.

डबीत असतं शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेलं आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड. झाडाच्या शेंड्याकडे ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली उतरत राहतं. फांदी तोडली की ते कापाजवळ साचतं आणि तिथल्या पेशी मुळं काढायच्या कामाला लागतात. आयबीए हेच काम जोराने करून घेतं. अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी ते १९३५ साली दाखवून दिलं, आणि आजही जगभरच्या रोपवाटिका याच घटकावर चालतात. डबीवर टक्के लिहिलेले असतात ते नक्की वाचा. साधारणपणे ०.१ टक्का कोवळ्या फांदीसाठी, ०.३ अर्धवट जून फांदीसाठी, ०.८ अगदी टणक लाकडासाठी. जास्त टक्क्यांची घेतली तर जास्त मुळं येतील असं अजिबात नाही. कोवळ्या काडीला जोराची पावडर लागली तर बूड काळं पडतं. घरात एकच डबी ठेवायची असेल तर ०.३ ची ठेवा.

माझ्याकडे ही पावडर सर्वांत कामाला आली ती मिरीला. मिरीचा जो वेल जमिनीवर धावतो, त्याच्या पेरापेराला मुळांचे कोंब आधीच असतात. त्याचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, खोचले की काम झालं, पावडरीचा संबंध नाही. पण मला हवी होती झुडपी मिरी, कुंडीत राहणारी, माडावर न चढणारी. त्यासाठी घोस लागतात ती आडवी फांदी घ्यावी लागते. ती वेलासारखी वर जात नाही, झुडपासारखीच वाढते आणि कुंडीतच मिरी देते. हिला मुळं फुटायला मात्र महिन्याहून जास्त लागतो, आणि तोवर पुष्कळ फांद्या कुजून जातात. पन्नियूर-१ या मिरीच्या जातीची अशी फांदी पावडर लावून आणि पावडरीशिवाय शेजारी शेजारी लावली तर फरक डोळ्यांना दिसतो. पावडरीच्या काडीला चहूबाजूंनी मुळांचा झुबका, दुसरीला फुटलीच तर एका अंगाला दोन धागे. अनंत आणि गावठी गुलाबालाही चांगला उपयोग झाला. जास्वंद आमच्याकडे पावसात नुसती खोचली तरी लागते, तिला पावडरीने थोडी लवकर मुळं आली इतकंच.

मनीप्लांट, पुदिना, तुळस, क्रोटन यांच्यासाठी हिच्यावर एक रुपया घालवू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याची बाटली पुरे. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच मातीत हलवा, पाण्यातली मुळं फार लांब झाली की ठिसूळ होतात. सोनचाफ्याची फांदी पावडर लावूनही माझ्याकडे लागली नाही. सोनचाफा आणि आंबा यांची बांधलेली कलमंच आणावीत. आणि दुकानात माझ्यासमोर एकाने नारळ-सुपारीसाठी हीच डबी मागितली होती, म्हणून लिहिते: माडा-पोफळीला फांदीच नसते, तिथे ही पावडर काय करणार!

पावडर लावायची पद्धत डबीच्या कागदावर फार त्रोटक असते. फांदी पेराच्या लगेच खाली कापायची. खालची पानं काढायची, वरची मोठी असतील तर अर्धी कापायची, कळ्या ठेवायच्या नाहीत. माझ्या सासूबाई डबीकडे बघतसुद्धा नाहीत, त्या म्हणतात, "पानां काढ गो आधी, पावडर मगे." त्यांचं शंभर टक्के खरं आहे. मुळं नसलेल्या काडीला इतक्या पानांना पाणी पुरवता येत नाही, आणि हे जगातली कुठलीही पावडर भरून काढत नाही. जाड फांदीच्या वरच्या कापाला त्या शेण लावतात, म्हणजे तो सुकत नाही. ते मीही करते.

लागेल तेवढीच पावडर कागदावर काढून घ्यायची, फांदी डबीत बुडवायची नाही. ओलं बूड टेकवायचं, बोटाने टिचकी मारून जास्तीची झटकायची. मातीत आधी काडीने भोक पाडायचं आणि मग फांदी ठेवायची, नाहीतर सगळी पावडर वरच पुसून जाते. उरलेली परत डबीत टाकू नका. हात धुवा, डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आता आपल्या किनाऱ्याचं. समुद्राची वाळू कितीही स्वच्छ दिसली तरी घेऊ नका, मिठाने काडी जळते. वहाळाची जाड वाळू धुऊन घ्या. कोकोपीटही आधी भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून घ्यायचं, सोडणात मीठ असतं. नुसती जांभ्याची लाल माती आत चिकट होऊन बसते. परदेशी व्हिडिओत कुंडीखाली विजेची गरम चटई दाखवतात, तिची आपल्याला गरज नाही. आपल्या घरातली माती थंडीतही मुळांना पुरेशी उबदार असते.

झाकणाचा पारदर्शक डबा मात्र ऋतू बघून वापरा. मे महिन्यात झाकण बंद ठेवलं तर पानं टवटवीत राहतात, फक्त डब्यावर ऊन पडता कामा नये, आत सगळं शिजतं. जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की तोच बंद डबा म्हणजे बुरशीचं घर. मी पावसाळ्यात झाकण काढूनच टाकते आणि डबा माजघरात पूर्वेच्या खिडकीशी ठेवते. पडवीत झड येते. आपल्याकडे फांद्या मरतात त्या बहुतेक कुजून, आणि कुजण्यावर हे संप्रेरक औषध नाही. काहीजण दालचिनीची पूड लावतात. ती बुरशीला थोडी अडवते, पण मुळं फोडत नाही, म्हणून दोन्हींची तुलना करू नये.

पावडरीबद्दल माझी खरी तक्रार डबीच्या झाकणाची आहे. आमच्या हवेत ते झाकण पुरत नाही, पावसाळा संपेपर्यंत आत गोळे होतात. मी डबी घट्ट बरणीत तांदळाच्या पुरचुंडीसह फ्रीजमध्ये ठेवते, आणि तशी ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोकळी राहते. कंपन्यांनी पाच-पाच ग्रॅमच्या पुड्या काढल्या तर घरगुती गिऱ्हाइकाचं किती भलं होईल. तोवर सर्वांत लहान डबी घ्या, तारीख पाहून घ्या, आणि शेजारी-पाजारी वाटून वापरा. आमच्या वाडीत एकच डबी तीन घरांना पुरते.