कापशी चपलांचा एक जोड, चौदा महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून 2,400 रुपयांना घेतलेला कापशी चपलांचा (कापशी हा कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार) जोड मी गेले चौदा महिने वापरतो आहे. नव्या चपलेविषयी आठ दिवसांत लिहिलेल्या अभिप्रायाला फारसा अर्थ नसतो, कारण कोल्हापुरी चप्पल पहिल्या आठ दिवसांत चावते आणि तिचा खरा स्वभाव एखादा उन्हाळा व एखादा पावसाळा अंगावर घेतल्यावरच कळतो. म्हणून एवढा काळ थांबून हे लिहीत आहे.

हा जोड घेण्यापूर्वी मी एकदा फसलो होतो. पुण्यातील एका दुकानात ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून 650 रुपयांना मिळालेल्या चपलेचा तळ चार महिन्यांत फुगला, थर सुटले, आणि आत चामड्याच्या जागी पुठ्ठ्यासारखा दाबून केलेला भर निघाला. वरून पाहता तिच्यात आणि आजच्या जोडात फरक सांगता आला नसता. पट्टा तोच, वेणी तशीच, रंगही जवळपास तोच. रूपाची नक्कल करणे सोपे असते. 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपलांचे जे दिसले, तेही रूपच होते. कोल्हापुरीचा कस तिच्या कातड्याच्या कमावणीत आणि तळाच्या शिवणीत असतो, आणि गिऱ्हाईक नेमके तेच पाहत नाही.

म्हणून या वेळी दुकानात शिरल्यावर मी चप्पल प्रथम उलटी केली. तळाच्या कडेने चामड्याच्या वादीचे टाके एकसारख्या अंतरावर पडलेले असावेत, टाचेत कुठेही लोखंडी खिळा ठोकलेला नसावा, आणि कडेला बोट फिरवले तर थर वेगवेगळे जाणवावेत पण त्यांच्यात नख शिरू नये, एवढे पाहिले तरी निम्मी पारख होते. उरलेली निम्मी कातड्याची. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे कापलेल्या कडेलाही आरपार तपकिरी दिसते, तर क्रोमने कमावलेल्या कातड्याची कड बहुधा निळसर किंवा करडी असते, आणि वरून रंग दिला तरी ती लपत नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन मी तळाच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब मुरला, तिथे गडद डाग पडला आणि काही वेळाने तो फिका होत गेला. वर प्लॅस्टिकचा लेप असता, तर पाणी तसेच थबकून राहिले असते.

झाडाच्या सालीतली कमावणी सावकाश होते. चुन्यात मुरवून केस काढलेले कातडे पुढे कित्येक आठवडे साल आणि हिरड्याचे पाणी पिते, आणि त्यातूनच त्याला तो घट्टपणा येतो ज्याच्या जोरावर केवळ वादीने शिवलेला तळ टिकतो. तळ कापणे आणि शिवणे हे काम बहुतेक घरांत पुरुष करतात, तर पट्ट्यावरची वेणी आणि बारीक नक्षी स्त्रियांच्या हातची असते. माझ्या जोडाच्या पट्ट्यावर सात पदरांची वेणी आहे आणि चौदा महिन्यांत तिचा एकही पदर उसवलेला नाही. ज्या हातांनी ती विणली त्यांना 2,400 रुपयांतील किती मिळाले, हा प्रश्न मला किमतीपेक्षा अधिक छळतो.

मापाच्या बाबतीत माझी चूक होता होता राहिली. पायात सैल बसणारा जोड मी निवडला होता, दुकानात टाके घालत बसलेल्या कारागिराने तो बाजूला ठेवून एक माप लहान पुढे केले आणि म्हणाले, “घट्ट हाय म्हणून भिऊ नका सायेब, पंधरा दिसांत पायाजोगी हुतीया.” तसेच झाले. पहिले दहा दिवस अंगठ्याशेजारची कातडी सोलवटली, मी रोज रात्री अंगठ्याच्या वादीला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेल लावले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून चप्पल पायात आहे हे विसरायला झाले. आज आतल्या तळावर माझ्या पावलाचा ठसा इतका स्पष्ट आहे की पाचही बोटे मोजता येतात.

हा ठसा जुना जोड घेणाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे. काकांनी गुडघेदुखीमुळे वापरायचा सोडलेला, पंचवीस वर्षांपूर्वीचा जोड त्यांनी मला दिला होता. चामडे अजून उत्तम होते, पण तळावर त्यांच्या पावलाचा खड्डा होता आणि माझी टाच त्यात नीट बसेना. तोही मी कोल्हापूरला नेला. दोन्ही बाजूंचे, पट्टा धरून ठेवणारे कान तळाच्या दोन थरांमध्ये शिवलेले असल्याने नुसता वरचा थर बदलता येत नाही. सगळी शिवण उसवून, जुने कान आणि पट्टा राखून, नवा तळ घालावा लागतो. त्याचे 700 रुपये पडले. दुसऱ्याची पायताणे पायात घालू नयेत असे मानणारी माणसे आमच्याही घरात आहेत, पण तळ नवा झाल्यावर त्यांचीही हरकत राहिली नाही. दोन्ही जोड शेजारी ठेवले, तर जुन्याचे टाके अधिक दाट आहेत आणि कान अधिक जाड आहेत, हे मान्य करावे लागते.

आता उणिवा. ओल्या फरशीवर ही चप्पल घसरते आणि जिना उतरताना जपावे लागते. घाम आला की पहिले दोन महिने पावलांना रंग लागत होता. पावसात तर ती घालूच नये. मे महिन्यात वळवाच्या एका सरीत सापडल्यावर तळ जड झाला आणि कड किंचित उलली. उन्हात ठेवण्याचा मोह आवरून दोन दिवस सावलीत वाळवली, मग हलका तेलाचा हात फिरवला, तेव्हा ती पूर्वपदावर आली, पण डाव्या चपलेची करकर त्यानंतर कायमची गेली. मला ती हवी होती.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील अथणीकडे तयार झालेल्या जोडाला नकली म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून खरेदी करू नये. लिडकॉमने, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या चर्मोद्योग महामंडळाने, अलीकडे काही जोडांवर क्यूआर कोड देण्यास सुरुवात केली आहे. माझ्या जोडावर तो नाही. असता, तर वेणी कोणी विणली हे कदाचित कळले असते.

उजव्या टाचेचा खालचा थर बाहेरच्या बाजूने झिजला आहे. तो बदलण्याचे कारागिराने 150 रुपये सांगितले असून, पाडव्याला कोल्हापूरला जाईन तेव्हा ते काम करून घेईन, आणि त्याच वेळी बहिणीसाठी अशाच वेणीचा एक जोड घेईन.