कॉलेजची समुपदेशन खोली: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एकदा जाऊन या

आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर समुपदेशक मॅडमची खोली आहे. मी तिसऱ्या वर्षाला आहे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून रोज कदंबच्या सरकारी बसने येते. नव्या मुलांनी प्रवेश झाल्यावर सगळ्यात आधी हीच खोली शोधावी असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या सेमिस्टरला मी तिथे गेले ती 75 टक्के हजेरीच्या धसक्याने. वाळपईची सकाळची बस चुकली की पहिलं लेक्चर बुडायचं, आणि घरी सांगायची भीती वाटायची. मॅडमनी उपदेश केला नाही. त्यांनी कोकणीत सुरुवात केली, मी मराठीत बोलले, मग त्याही मराठीतच बोलू लागल्या. कुठल्या विषयाची किती लेक्चरं बुडाली ते त्यांनी माझ्याकडूनच कागदावर लिहून घेतलं. मेंटर सरांना काय सांगायचं तेही तिथेच ठरलं. झोप, जेवण, घरातले ताण हे सगळं पुढच्या भेटींत हळूहळू निघालं. पहिल्याच दिवशी कुणी ‘मन मोकळं कर’ म्हटलं असतं तर मी पुन्हा गेले नसते.

बोललेलं बाहेर फुटेल का, ही शंका सगळ्यांनाच असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका दिसला तर मात्र इतरांना कळवावं लागतं, हे मॅडमनी आधीच सांगितलं. मला तो स्पष्टपणा फार आवडला.

उणीव जागेची आहे. थांबायचा बाक जिन्यासमोरच, येणारा-जाणारा बघतो. कॉलेजने हे बदलायलाच हवं. शिवाय मॅडम एकट्याच, त्यामुळे आयएसए (सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा) जवळ आली की वेळ मिळत नाही. म्हणून चवथीच्या सुट्टीआधीच जा.

मायनर विषय, क्रेडिट यांचे घोळ मेंटरकडे न्या, शिष्यवृत्तीचे ऑफिसात. रॅगिंगसाठी यूजीसीची 1800-180-5522 ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. रात्री जीव घाबरा झाला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एकटीने जायला अवघड वाटलं तर मैत्रिणीला बरोबर न्या. भेटीची वेळ दाराजवळच्या वहीत लिहायची असते; नाव नको असेल तर नुसता रोल नंबर लिहिला तरी चालतो.